प्रवर्तकाची सही

जळगावच्या पिंप्राळ्यात उतरून लीलाधर पितांबर भंगाळ्यांचं घर विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ‘जप्त कादंबरीवाले सर’ म्हटलं, की त्यांतलाच एखादा रिक्षावाला फाटकापाशी आणून सोडतो. सर आता पंच्याहत्तरीचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचं आज-उद्या चाललेलं. मुलगा भूषण भुसावळला रेल्वेत, रोज जाऊन-येऊन. घरात बायको बेबाबाई, सून दीपमाला आणि भिंतीवर टांगलेली सात-आठ सन्मानपत्रं.

त्या सन्मानपत्रांमागची गोष्ट सरांनी इतक्या स्टेजांवरून सांगितली होती, की तिच्यात कुठे श्वास घ्यायचा हेही ठरून गेलं होतं. आणीबाणीत ते सातपिंप्रीला प्राथमिक शिक्षक होते, चाळीसगावाहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वय सत्तावीस. गावोगाव जिपा फिरत होत्या, माणसं धरून नसबंदीच्या शिबिराला नेत होते, आणि वर्तमानपत्रात त्यातलं अक्षर छापून येत नव्हतं. तेव्हा त्यांनी कादंबरी लिहिली, ‘गावात जीप आली’. धुळ्याच्या एका छापखान्यानं ती छापायला घेतली. सहा फॉर्म, म्हणजे शंभरेक पानं, छापून झाली आणि डिसेंबरच्या एका सकाळी पोलीस आले. छापलेले कागद नेले, जुळवलेला टाइप जमिनीवर ओतला, हस्तलिखिताच्या चार वह्या नेल्या आणि शाळेतून लेखकालाही नेलं. अठरा दिवस कोठडीत. सुटल्यावर बदली झाली ती थेट चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आणीबाणी उठल्यावर त्यांनी वह्यांसाठी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, शोध घेतला, आढळून आल्या नाहीत.

“पुन्हा का नाही लिहिली?” असं कुणीतरी हमखास विचारायचं. सर थोडं थांबायचे. म्हणायचे, “एकदा उपटलेलं रोप त्याच जागी धरत नाही.” सभागृह गप्प व्हायचं. मागच्या रांगेतल्या एखाद्या बाई डोळ्याला पदर लावायच्या. सरांनी त्यानंतर कादंबरी काय, साधी गोष्टही लिहिली नाही. एका लेखकाला सरकारनं मुळासकट उपटलं असं जो तो म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर धुळ्याहून मेघा देवरे नावाच्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्या आणीबाणीतल्या कागदपत्रांवर संशोधन करत होत्या. एका जुन्या सरकारी कचेरीचं रेकॉर्ड नव्या इमारतीत हलवत होते, तिथे त्यांना परवानगी मिळाली होती.

“सर, बसलेले आहात ना? चार वह्या मिळाल्यात. लाल कापडात बांधलेल्या. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे.”

सर बसलेलेच होते. तरी त्यांनी खुर्चीचा हात धरला. “वाळवी?” एवढंच त्यांनी विचारलं.

“एका वहीचे कोपरे गेलेत. बाकी शाबूत आहे.”

कायदेशीर सोपस्काराला दोन महिने गेले आणि जानेवारीत मेघाबाई स्वतः वह्या घेऊन आल्या. पुण्याच्या प्रकाशकाशी त्या बोलूनही आल्या होत्या. प्रकाशक एका पायावर तयार. सरांचा चोपड्याचा विद्यार्थी हेमराज आता जळगावात एका साहित्य मंडळाचा अध्यक्ष होता, त्यानं तर सभागृहाची तारीखच धरून टाकली. घरात पेढे आले. सगळे गेल्यावर वह्या दिवाणावर पडून राहिल्या. सर त्यांच्याजवळून येत-जात होते, हात लावत नव्हते. तिसऱ्या दिवशी बेबाबाईनं त्या पुसून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “पन्नास वर्षं यांच्या नावानं सत्कार घेतले. आता उघडा तरी.”

डोळ्यांमुळे सरांना जुनी शाई नीट दिसेना. दीपमालानं वाचायचं आणि वाचता वाचता कॉम्प्युटरवर उतरवायचं असं ठरलं. दुपारी स्वयंपाकघर आवरलं, की ती वही घेऊन बसायची. सर डोळे मिटून ऐकायचे. पहिले आठ दिवस फार सुखाचे गेले. आपण एवढं चांगलं लिहीत होतो हे ते विसरूनच गेले होते. कपाशीच्या वेचणीचं वर्णन आलं तेव्हा दीपमाला थांबून म्हणाली, “नाना, हे वाचताना बोटं टोचल्यासारखी होतात हो.” सरांना वाटलं, हा सत्तावीस वर्षांचा पोरगा कुठे गेला? याला भेटायला हवं होतं.

नवव्या दिवशी अकरावं प्रकरण आलं.

त्या प्रकरणात दगडू नावाच्या शेतमजुराला शिबिराला नेतात. गावचा ग्रामसेवक त्याला फसवतो, धुळ्याला बियाण्याचं वाटप आहे म्हणतो आणि जीपमध्ये बसवतो. दगडूला एकच मुलगी, आणि बायको जात्यावर रडत दळत बसलेली. जीप वेशीपाशी येते तेव्हा शाळेचा तरुण मास्तर धावत येतो, रस्त्यात आडवा होतो. म्हणतो, आधी माझ्या अंगावरून जीप न्या. त्याला ओढून बाजूला करतात. जीप जाते. दगडू रडत मागे वळून मास्तराकडे बघत राहतो.

दीपमाला वाचायची थांबली. वही मांडीवर ठेवून ती म्हणाली, “नाना, हा मास्तर म्हणजे तुम्हीच ना? हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आम्हाला.”

सरांनी डोळे उघडले. म्हणाले, “आज एवढंच पुरे.” मग उठून मागच्या दारी गेले आणि नळाखाली हात धुवत बराच वेळ उभे राहिले.

असा कुणी मास्तर नव्हता. रस्त्यात कुणी आडवं झालं नव्हतं. ग्रामसेवकही नव्हता. त्या वर्षी प्रत्येक शिक्षकाला नसबंदीची निदान एक केस आणायला सांगितलं होतं. आणली नाही तर पगार बंद. लीलाधर भंगाळ्यांचा तीन महिने पगार झाला नव्हता, बेबाबाईला सातवा महिना होता आणि वरिष्ठांनी निलंबनाचा कागद टाइप करून नुसता दाखवला होता. गावात अभिमन नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी होता. शाळेच्या पडवीत बसून तो रात्रशाळेत अक्षरं शिकला होता, जेमतेम सही यायची. मास्तरवर त्याचा देवावर असावा तसा विश्वास. पाठीत गळू झालं म्हणून तो औषध विचारायला आला, आणि मास्तर म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर चल. मोठे डॉक्टर आलेत.” शिबिरापर्यंत चार मैल दोघं पायी गेले. मास्तरांची पिशवी अभिमननं हट्टानं आपल्या खांद्यावर घेतली होती. तिथे फॉर्मवर त्याला सही करायला सांगितली तर अक्षरं जुळेनात, शेवटी अंगठा घेतला. त्याखाली एक रकाना होता, ‘प्रवर्तक’. म्हणजे माणसाला समजावून आणणारा. त्या रकान्यात लीलाधर भंगाळ्यांनी स्वच्छ, वळणदार अक्षरात सही केली. अभिमनची जखम चिघळली. तो दीड महिना उठला नाही. त्याच दीड महिन्यात सरांनी कादंबरी लिहिली, दार लावून, ताप आल्यासारखी.

आणि लिहिताना हात त्या पानाशी आला तेव्हा त्यांनी ग्रामसेवक आणला आणि मास्तराला रस्त्यात आडवा घातला.

हे ते विसरले होते असं म्हणता येणार नाही. पण वह्या जप्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर ते पानही गेलं. ते खोटं सरकारनंच कुलूप लावून सांभाळलं. कुणी वाचलंच नाही, त्यामुळे सर सांगतील ते खरं झालं. ते पुन्हा लिहायला बसले असते तर याच पानापाशी परत यावं लागलं असतं. रोप धरत नाही वगैरे सगळं नंतरचं.

संध्याकाळी त्यांनी बेबाबाईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मले तव्हाच समजलं होतं,” ती म्हणाली. “तीन महिन्यांचा पगार एका दिवशी आला. मी इचारलं नाही. पोटात भूषण होता.” मग पाकळ्या वाटीत टाकत म्हणाली, “तुम्ही एकट्यानंच गप्प बसायचं काम केलं असं समजू नका.”

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रकाशकाला फोन करून काम थांबवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत हेमराज दारात हजर. सरांनी त्यालाही सगळं सांगितलं. हेमराजनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“सर, तुम्ही काय वयाचे होता, काय परिस्थिती होती. कादंबरीच आहे ना ती? कादंबरीत बदल करायचा लेखकाला अधिकार असतो.”

“असतो. पण मी गोष्टीसाठी बदल केला नव्हता. मला वाचवायला केला होता.”

“मग नका छापू. पण जाहीर बोलू नका. हात जोडतो, सर. आणीबाणी काही एवढी वाईट नव्हती, गाड्या वेळेवर धावत होत्या, असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. ते म्हणतील, बघा, यांचा लढवय्या लेखक तर स्वतःच माणसं धरून नेत होता. तुमच्या एका कबुलीनं त्यांना आयतं कोलीत मिळेल.”

हे बोलणं खोटं नव्हतं, हे सरांना कळत होतं.

“हेमराज,” ते म्हणाले, “जीप घेऊन येणारे मोजकेच होते रे. चार-पाच जिपांनी एवढी माणसं नेता येत नाहीत. त्यांनी आमच्याकडून एकमेकांना धरून न्यायला लावलं. मास्तरकडून, तलाठ्याकडून, नर्सकडून. राजवट म्हणजे तेच होतं. मी ते लपवलं तर तीच सुटते. तिला स्वस्तात सोडल्यासारखं होतं.”

हेमराज चहा न घेता गेला.

छापायचं की नाही हे अजून ठरलं नव्हतं. पण ते आपण एकट्यानं ठरवायचं नाही, एवढं सरांना कळलं होतं. अभिमन जिवंत आहे का हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दीपमालाचे मामा चाळीसगावला आडत दुकानात होते, त्यांनी चौकशी केली. आहे, म्हणाले. बायको तानूबाईही आहे. एकुलती एक मुलगी झुंबर, तिचा नवरा घरजावई होऊन शेती बघतो. दीपमालाला सरांनी खरं सांगितलं त्या दिवशी ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नव्हती. पण जायचा विषय निघाला तेव्हा तीच म्हणाली, “मी येते. वाचायला कुणीतरी लागेल.”

फेब्रुवारीत एका सकाळी सासरे-सून रेल्वेनं चाळीसगावला उतरले आणि मामांच्या गाडीनं सातपिंप्रीला गेले. गाव ओळखू येत नव्हतं. शाळा सिमेंटची झाली होती, रस्त्याला दुभाजक आला होता. अभिमनचं घर मात्र त्याच गल्लीत होतं, मातीचं जाऊन विटांचं झालेलं. म्हातारा ओट्यावर बसून दोर वळत होता. अंगानं वाळला होता, पण पाठ ताठ. गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं.

“भंगाळे मास्तर ना?” तो म्हणाला. “या. बठा.”

सर बसले. काय बोलायचं ते त्यांनी गाडीत चारदा जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. ते म्हणाले, “अभिमन, तुला शिबिराला मी नेलं होतं.”

अभिमननं दोर खाली ठेवला. “माले माहीत शे,” तो म्हणाला. “मी संगेच व्हतू.”

आतून तानूबाई आली. लहानखुरी, डोक्यावर पदर, नजर धारदार. तिनं पाहुण्याला ओळखलं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली. सरांनी कादंबरीचं सांगितलं, ती जप्त कशी झाली, आता कशी सापडली, आणि तिच्यात काय लिहिलं आहे. अभिमन म्हणाला, “वाची दाखाडा मंग.” दीपमालानं अकरावं प्रकरण वाचायला घेतलं. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला तेव्हा ती थांबली, मग पुन्हा वाचू लागली. झुंबर आतून येऊन भिंतीला टेकून ऐकत होती.

वाचून संपलं. अभिमननं हनुवटी खाजवली.

“तुमना बुकमाना माणूस लई रडस,” तो म्हणाला. “मी रडनू नही. माले ताप व्हता.” मग त्यानं विचारलं, “आनि तो जीपले आडवा व्हनारा मास्तर कोन शे?”

“कुणी नाही. असा कुणी नव्हता.”

“मंग तुम्ही कोठे शेतस बुकमा?”

“मी नाही त्यात.”

अभिमन गल्लीकडे बघत राहिला. रागावला असता तर सरांना सोपं गेलं असतं. तो हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा बोलला. “सरकारना कागदवर मना आंगठा शे, आनि तेना खाले तुमनी सही शे. दोन्ही संगे शेतस. तुमना बुकमा मी बी नही, तुम्ही बी नही. सरकारना कागद तुमना बुकपेक्षा खरा निंघना, मास्तर.”

सरांनी मान खाली घातली. अठरा दिवसांच्या कोठडीत त्यांना कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं.

तानूबाई आता उंबऱ्यावरून पुढे आली. “तेना जखममा पू व्हयना,” ती म्हणाली. “चवथा दिन मी शाळामा उनू व्हती. तुम्हले याद शे?”

सरांनी वर पाहिलं.

“पोऱ्यासनी सांगं, मास्तर नही शेतस. मी पायरीवर बठी राहिनू. दुफार व्हईपावत बठी राहिनू. तुम्ही मझारच व्हतात. तुमनी सायकल बाहेर उभी व्हती.”

दीपमालानं सासऱ्यांकडे पाहिलं.

“होतो,” ते म्हणाले. “नकाशे ठेवायच्या खोलीत होतो. दाराच्या फटीतून तुमचा पदर दिसत होता. तुम्ही उठून गेलात तरी तासभर मी बाहेर आलो नाही.”

“माले दवाखानानी चिठ्ठी पाहिजे व्हती. तुम्ही लिखी देतात ते चाळीसगावले लई जातू.” तानूबाईचा आवाज चढला नव्हता. “सासू यासले म्हने, पोऱ्या पाहिजे, दुसरी बायको कर. मी सांगं, अहो, दुसरी करीसन काय व्हई? तवय ती माले मारे. माले कोनी इचारं का? डॉक्टरनी नही, सरकारनी नही, तुम्हीन बी नही. आनि तुमना बुकमा ती दगडूनी बायको काय करस? नुसती दळस आनि रडस.”

झुंबर हळूच आत गेली, आणि स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. सर उठले. त्यांना वाटलं पाया पडावं, पण तानूबाईनं ते ओळखलं आणि एक पाऊल मागे सरकली. पाया पडून मोकळं व्हायची सोय तिनं ठेवली नाही. सर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही दोघं नको म्हणाल तर छापणार नाही. वह्या इथे तुमच्याजवळ ठेवून जातो.”

“आमी काय करसूत वह्या ठेवीसन,” अभिमन म्हणाला. त्यानं बायकोकडे पाहिलं. संसारात पन्नास वर्षं काढलेल्या माणसांचं असतं तसं काहीतरी दोघांत बोलून झालं. “छापा. पन ते दगडू काढा. दगडू कसाले? मनं नाव शे ना. अभिमन.”

“नाव छापलं तर सगळ्यांना कळेल,” दीपमाला मध्येच म्हणाली. “गावात, नातेवाइकांत. चालेल तुम्हाला?”

“बठ्ठा गावले माहीत शे, पोरी,” अभिमन म्हणाला. “फक्त बुकले माहीत नही.”

तानूबाई मात्र एवढ्यावर थांबायला तयार नव्हती. “लिखनं व्हई ते बठ्ठं लिखा,” ती म्हणाली. “पायरी लिखा. आनि लिखं म्हंजे झायं, आसं समजू नका.”

झुंबरनं चहा आणला. तानूबाईनं घेतला नाही. सरांनी घेतला, कारण न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं.

परतीच्या गाडीत दीपमालानं त्यांना एकच विचारलं, “जुनं प्रकरण बदलणार?”

“नाही,” सर म्हणाले. “जसं लिहिलं तसंच छापायचं. खोटंही माझंच आहे. त्याच्यापुढे नवं लिहायचं.”

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते लिहायला बसले. अठ्ठेचाळीस वर्षांनी. जाड शाईपेन, मोठमोठी अक्षरं, एका पानावर जेमतेम दहा ओळी. पहिल्या आठवड्यात तीन पानं झाली आणि ती तिन्ही फाडली. हात सवयीनं जिथे तिथे शोभेचं वाक्य घालू बघे. स्टेजवर बोलून बोलून जीभ गुळगुळीत झाली होती, तीच पेनात उतरत होती. दीपमाला वाचून दाखवायची आणि एखाद्या ओळीपाशी थांबून नुसती गप्प राहायची. सर ती ओळ खोडायचे. नकाशांच्या खोलीचा मजकूर अकरा वेळा लिहिला. तिथे त्यांना काय काय आठवलं, भारताच्या नकाशाची फाटलेली कड, उंदराचा वास, आणि आपण श्वास रोखून धरला होता हे. बेबाबाई जेवायला हाक मारायची आणि ते ‘आलो’ म्हणून तिथेच बसून राहायचे. पगाराच्या दिवसाचं लिहिताना त्यांनी तिला विचारलं, “तुझंही लिहू का?” ती म्हणाली, “लिहा. मले काय लपवायचंय आता.”

एप्रिलअखेर प्रकरण झालं. अडतीस पानं. त्याचं नाव त्यांनी ‘प्रवर्तक’ ठेवलं. अभिमनचं आणि तानूबाईचं नाव होतं, आणि पहिल्याच ओळीत लीलाधर पितांबर भंगाळे हे स्वतःचं पूर्ण नाव.

पुण्याच्या प्रकाशकांनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. जाहिरातीत ते ‘सत्तेला न झुकलेला लेखक’ असं टाकणार होते, ते आता बसत नव्हतं. मेघाबाई स्वतः पुण्याला गेल्या आणि त्यांच्याशी भांडल्या. शेवटी पुस्तक निघालं, जाहिरातीशिवाय. हेमराजच्या मंडळानं सभागृहाची तारीख ‘अपरिहार्य कारणास्तव’ रद्द केली. स्थानिक पेपरात एकानं लिहिलं, भंगाळे सरांनी आयुष्यभर आम्हाला फसवलं. दुसऱ्यानं हेमराज म्हणाला होता नेमकं तेच लिहिलं, की बघा, आरोप करणारेच गुन्हेगार निघाले. भूषणला कामावर दोघा-तिघांनी टोमणे मारले. घरी येऊन तो बापावर पहिल्यांदाच चिडला, “आम्हाला विचारलं होतं का?” सरांना त्याचं बरोबर वाटलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

पुस्तकाच्या पाच प्रती घेऊन दीपमाला सातपिंप्रीला जाऊन आली. सरांना त्या दिवसांत दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे जाता आलं नाही. पंधरा दिवसांनी झुंबरचा फोन आला. तिनं आईला रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. आईनं शेवटचं प्रकरण दोनदा वाचायला लावलं.

“काय म्हणाल्या त्या?” सरांनी विचारलं.

“म्हणाली, पायरीचं बरोबर लिहिलंय. सासूचं कमी लिहिलंय.” झुंबर जरा हसली. “बाबा पुस्तक उशाशी ठेवतात. आल्या-गेल्याला आपलं नाव कुठे छापलंय ते बोटानं दाखवतात. आई काही अजून तुमच्यावर खूश नाही, सर. पण पुन्हा आलात तर बसा म्हणेल.”

सर हो म्हणाले आणि फोन ठेवून उगीच खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर पावसाळ्यात असे फोन येऊ लागले, ज्यांची कुणी अपेक्षा केली नव्हती. पहिला पारोळ्याहून. माणूस नाव सांगेना. म्हणाला, “मीही शिक्षक होतो. रिटायर होऊन वीस वर्षं झाली. तुमचं पुस्तक मुलानं आणलं. सर, मीही दोन माणसं नेली होती.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला. मग भुसावळच्या एक नर्सबाई. मग एक तलाठी, ऐंशीच्या पुढचे, मधूनमधून खोकत, त्यांचं बोलणं अर्धं कळेना. धीर देणारं बोलायला सरांची जीभ वळेना, आणि दोष द्यायचा त्यांना हक्क नव्हता. ते नुसते ऐकत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पारोळ्याच्या त्या माणसाचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यानं आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाला, “त्या दोघांची नावं आठवतात मला. आजवर कुणाला सांगितली नाहीत. तुम्हाला सांगू का?”

“एक मिनिट,” सर म्हणाले. त्यांनी वही ओढली, पेनचं टोपण काढलं. नव्या डोळ्याला कागद अगदी पांढरा, स्वच्छ दिसत होता. “सांगा. सावकाश सांगा.”